जुना ट्रॅक्टर पाणी पितो, तेव्हा आधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९४ सालचा ३५ एचपीचा तीन सिलेंडरचा ट्रॅक्टर. ट्रॉली ओढताना काही त्रास नाही, पण रोटाव्हेटर जोडला की दोन-तीन तासांत रेडिएटरमधलं लिटरभर पाणी कमी होतं. जमिनीवर मोठं ओघळ दिसत नाही. गावातल्या मिस्त्रीने हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग) बदललं, फरक पडला नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून रेडिएटरमध्ये हळद टाकली, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. आता रेडिएटर नवा टाकायचा की इंजिन खोलायचं, असं विचारलंय.

आज तरी दोन्ही नको. पाणी कमी होतंय हे सगळ्यांनी पाहिलं, पण ते कुठल्या वाटेने जातंय हे अजून कोणी पाहिलेलं दिसत नाही. वाटा चारच आहेत. बाहेर गळतं, रेडिएटरच्या झाकणाखालच्या ओव्हरफ्लो नळीतून निसटतं, सिलेंडरमध्ये जाऊन सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, नाहीतर खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतं. पहिल्या दोन वाटा काहीशे रुपयांत बंद होतात. शेवटच्या दोन असतील तर इंजिन खोलावंच लागतं आणि आकडा हजारांत जातो. म्हणून स्वस्त वाटा आधी तपासायच्या. मिस्त्री लोक उलटं करतात याचं कारण साधं आहे. हेड उतरवण्याचे पैसे मिळतात, झाकण बदलल्याचे मिळत नाहीत.

पहिला प्रश्न तुम्हालाच. सकाळी पाणी कुठपर्यंत भरता? बहुतेक जण बाहेर सांडेपर्यंत भरतात. या ताकदीच्या ट्रॅक्टरमध्ये रेडिएटर आणि ब्लॉक मिळून साधारण ८ ते १२ लिटर पाणी मावतं. ३० अंशांचं पाणी ९० अंशांवर गेलं की सुमारे ३ टक्के फुगतं, म्हणजे १० लिटरमागे ३०० मिली. जुन्या ट्रॅक्टरला सांडलेलं पाणी धरणारी बाजूची बाटली नसते, त्यामुळे हे ३०० मिली ओव्हरफ्लोच्या नळीतून रानात जाणारच. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा तोंडापर्यंत भरता, पुन्हा तेवढंच बाहेर पडतं. ही गळती नव्हेच. रेडिएटरच्या वरच्या टाकीत डोकावल्यावर जाळीच्या नळ्यांची तोंडं बुडालेली आणि त्यावर दोन बोटं पाणी दिसलं की पुरे, वरची जागा मोकळी सोडायची. आठवडाभर असं करून बघा आणि मापाच्या भांड्यानेच पाणी घाला, म्हणजे खरं किती जातंय ते कळेल. पातळी एका जागी येऊन थांबली तर प्रश्न तिथेच मिटला.

तुमच्या बाबतीत लिटरभर जातंय, म्हणजे फुगण्याच्या हिशेबापलीकडे काहीतरी आहे. आणि ते फक्त रोटाव्हेटरवर होतं, ही खूण महत्त्वाची. पीटीओचे, म्हणजे रोटाव्हेटर फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचे, मिनिटाला ५४० फेरे धरायला इंजिन जवळपास पूर्ण फेऱ्यांवर ठेवावं लागतं, ट्रॅक्टर मात्र लो गिअरात सरकत असतो आणि धूळ सगळी समोरच्या जाळीत बसते. उष्णता जास्त, हवा कमी. अशा वेळी झाकणाची परीक्षा होते. झाकणावर आकडा कोरलेला असतो. हा दाबाचा आकडा. ०.५ किंवा ०.९ असेल तर तो किलोमध्ये (दर चौरस सेंटिमीटरला), ७ किंवा १३ असेल तर पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला पौंड). दर पीएसआयमागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. देशावर, समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटरवर, उघडं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. ७ पीएसआयचं झाकण नीट बसलं तर तेच पाणी ११० च्या आसपासपर्यंत शांत राहतं. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग गंजली, किंवा रेडिएटरच्या गळ्याची कडा पान्याने ठोकून ठोकून वाकली, की दाब धरला जात नाही. हेडमध्ये पाणी उकळतं आणि वाफेबरोबर चांगलं पाणीही नळीतून बाहेर ढकललं जातं. ट्रॉली ओढताना इंजिन तेवढं तापत नाही, म्हणून तेव्हा काही कळत नाही.

तपासायला सोपं आहे. ओव्हरफ्लोच्या नळीला लांब पारदर्शक पाइप लावा, त्याचं टोक एका बाटलीत सोडा, बाटली तारेने बांधा आणि तासभर रोटाव्हेटर चालवा. बाटलीत पाणी आलं तर वाट सापडली. मग कंपनीने सांगितलेल्या आकड्याचंच नवीन झाकण घ्या. जास्त दाबाचं झाकण बसवून प्रश्न सुटेल असं समजू नका. ०.५ च्या जागी ०.९ बसवलं की जुन्या पितळी रेडिएटरचे डाख सुटतात, मी असे कित्येक रेडिएटर टाकीच्या शिवणीतून उघडलेले पाहिलेत. आणि झाकण बदलूनही बाटली भरतच राहिली, तर दाब उष्णतेचा नसून सिलेंडरमधून येत असू शकतो, त्याकडे पुढे येतो.

आता बाहेरची गळती. इंजिन पूर्ण थंड असताना, पाण्याने आणि डिझेलच्या फडक्याने स्वच्छ करून, सुकवून मग बघा. चिखल-तेलाचा थर असेल तर काहीच दिसणार नाही. जमिनीवर ओघळ नाही म्हणून बाहेरची गळती नाही असं धरू नका. तापलेल्या ब्लॉकवर झिरपणारं पाणी थेंब बनण्याआधीच वाळून जातं, मागे राहतो तो खार. बोअरचं पाणी वापरत असाल तर गळतीच्या जागी पांढरी रेघ उमटलेली असते, ती डोळ्यांनी शोधायची. दुसरं लक्षात ठेवा, पंखा पाणी मागे उडवतो. ओली जागा जिथे दिसते तिथे गळती नसते, ती पुढे आणि वर असते. रबरी पाइपांचे सांधे, थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या) घराचं पॅकिंग, रेडिएटरच्या दोन्ही टाक्यांच्या शिवणी, खालचा कॉक, हेड आणि ब्लॉकच्या मधली रेघ, आणि ब्लॉकच्या अंगाला ठोकलेल्या गोल पत्र्याच्या टोप्या, म्हणजे वेल्च प्लग. या टोप्या आतून गंजतात. स्टार्टरच्या किंवा पंपाच्या आड असलेली टोपी सगळ्यात शेवटी दिसते, त्यामुळे आरसा आणि टॉर्च घेऊन तिथे आधी बघा.

थंड इंजिनात दाब देऊन बघता आलं तर उत्तम. रेडिएटरवाल्याकडे हातपंप असतो. नसेल तर जुन्या झाकणाचा झडपेचा भाग काढून, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवायचा आणि गेज असलेल्या सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरायची. झाकणावर जेवढा आकडा आहे तेवढाच दाब, त्यावर अजिबात नाही. टायर भरायचा कॉम्प्रेसर लावू नका, एका फटक्यात जाळी फुटते. दाब दहा-पंधरा मिनिटं टिकला तर बाहेरून सगळं ठीक आहे. काटा उतरत गेला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर पाणी आत जातंय.

पस्तीसच्या वर्गातल्या जुन्या गाड्यांत बाहेरची गळती सापडली तर ती बहुधा वॉटर बॉडीची, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाची असते. पंपाच्या अंगाला खाली एक बारीक छिद्र असतं. आत पाण्याचं सील आणि पलीकडे बेअरिंग, या दोघांच्या मध्ये ते मुद्दाम ठेवलेलं असतं. सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या छिद्रातून बाहेर यावं, एवढ्यासाठी. तिथून थेंब पडतोय म्हणजे सील संपलं. या छिद्रात एम-सील भरणारे लोक मला दर हंगामात भेटतात. पाणी थांबतं खरं, पण ते बेअरिंगमध्ये शिरतं, बेअरिंग खडखडतं आणि एक दिवस पंखा सुटून रेडिएटरच्या जाळीत घुसतो. पन्नास रुपये वाचवायला रेडिएटर घालवण्याचा हा प्रकार.

पट्टा काढून पंख्याचं पान हाताने वर-खाली हलवून बघा. जाणवण्याइतका खेळ असेल तर नुसतं सील बदलून उपयोग नाही, बेअरिंगसकट पूर्ण किट टाका. बेअरिंग आणि इम्पेलर (पाणी ढकलणारं पंपातलं चक्र) प्रेसवर काढायचे-बसवायचे, हातोड्याने नाही. इम्पेलर ठोकून बसवला की सीलचा चकाकणारा तोंडाचा भाग तडकतो आणि नवीन पंप पहिल्याच दिवशी गळतो. मग लोक पार्टला शिव्या देतात. जोडताना जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून काढा, नवीन पॅकिंगला शेलॅकचा (लाखेच्या चिकट द्रावणाचा) पातळ हात पुरतो. सिलिकॉन लावायचाच असेल तर अगदी बारीक रेघ. जाड लावलेला सिलिकॉन आतून सुटतो आणि जाळीच्या नळीत जाऊन बसतो. बसवल्यावर पाणी भरण्याआधी इंजिन चालवून बघू नका, कोरडं सील मिनिटभरात जळतं. पट्टा दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर १० ते १५ मिमी खाली जायला हवा. जास्त ताणलात तर नवीन बेअरिंगही लवकर जाईल.

रेडिएटरबद्दल. हळद टाकल्याने चार दिवस बरं वाटलं, याचा अर्थ कुठेतरी सुईएवढं भोक किंवा झिरप नक्की आहे. हळदीची पूड भोकात अडकून फुगते, एवढीच तिची करामत. पण ती नळ्यांत आणि ब्लॉकच्या तळाशीही तशीच बसते. रानात अडकलात, गाव लांब आहे, तर टाका, मला त्यात पाप वाटत नाही. घरी आल्यावर मात्र त्याच दिवशी सगळं पाणी काढून धुवायला हवं होतं. आता रेडिएटर उतरवाच, कारण हळद निघाल्याशिवाय बाकीच्या कुठल्याही तपासणीवर भरवसा ठेवता येणार नाही.

तुमच्या सालचा रेडिएटर मूळचा असेल तर तांब्या-पितळेचा असेल, आणि तो दुरुस्त होतो. नवा घेण्याआधी जुन्या रेडिएटरवाल्याला दाखवा. तो तोंडं बंद करून, हवा भरून पाण्याच्या हौदात बुडवेल आणि बुडबुडे कुठून येतात ते तुमच्यासमोर दाखवेल. जागा उजळ घासून, नवसागर किंवा जस्त मारलेलं अ‍ॅसिड लावून डाख द्यायचा. गॅसच्या मोठ्या ज्योतीने पितळी वेल्डिंग करतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका. डाखाचं मिश्रण १८३ अंशांपासून वितळायला लागतं. एक भोक बुजवताना शेजारचे चार सांधे सैल होतात. वरची टाकी उघडून नळ्यांत सळई फिरवून घ्या. एखाद-दुसरी फुटलेली नळी दोन्ही टोकांना बंद केली तरी चालतं. पण दहातली एक या प्रमाणापेक्षा जास्त नळ्या बंद झाल्या, किंवा जाळीचे पत्रे हात लावताच गळून पडायला लागले, तर नवीन जाळी टाकून घ्यावी. टाक्या जुन्याच वापरता येतात. आणि हो, जाळीत अडकलेलं भूस, पाचट, धूळ उडवताना हवा इंजिनाच्या बाजूने पुढे मारा. पुढून मारली तर कचरा आणखी आत जातो.

रबरी पाइप हाताने दाबून बघा. कडक किंवा फुगलेला असेल तर बदला. खालच्या पाइपच्या आत स्प्रिंग असते, ती गंजून गेली असेल तर पाइप जास्त फेऱ्यांवर आत ओढला जाऊन चपटा होतो आणि पाणी फिरणं बंद होतं. उभ्या ट्रॅक्टरवर हे दिसत नाही, फेरे वाढवून बघावं लागतं.

आता आतली गळती. इथे तपासणी अशी आहे की घरच्या घरी होते. थंड इंजिन, पट्टा काढलेला, म्हणजे पंप फिरणार नाही. झाकण उघडं, पाणी गळ्यापर्यंत. सुरू करा आणि पहिल्या मिनिटात पाण्याकडे बघा. इंजिन अजून तापलेलं नाही, पंप फिरत नाही, तरी बुडबुडे सतत येत असतील तर ती सिलेंडरमधली हवा आहे. गॅस्केट, हेडची तडा किंवा लायनर (ज्यात पिस्टन फिरतो ती सिलेंडरची नळी), तिघांपैकी एक. दोन मिनिटांपेक्षा जास्त असं चालवू नका. बुडबुडे नसतील तर हेड गॅस्केट बदलणं हे कामच मुळात चुकीच्या जागी झालं होतं.

ऑइलची खात्री अशी करा. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा, सकाळी सुरू न करता चेंबरचा ड्रेन बोल्ट अगदी थोडा सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं, त्यामुळे पाणी असेल तर तेच आधी ठिबकेल. नुसत्या गेजकाडीवर जाऊ नका. काडीवर ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसेपर्यंत बेअरिंगांचं बरंच नुकसान झालेलं असतं. पाणी सापडलं तर ट्रॅक्टर चालवणं तिथेच बंद. सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन अडखळून थांबत असेल तर जोर करू नका. सिलेंडरमध्ये पाणी साचलं असेल तर ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल फवारणारी नोझल काढून हाताने इंजिन फिरवा, पाणी असेल तर भोकातून बाहेर येईल.

बुडबुडे आले आणि हेड पुन्हा उतरवायचं ठरलं, तर मागच्या वेळी काय राहिलं ते मिस्त्रीला विचारा. हेड वाकलंय का हे बघायला त्यावर सरळपट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) लावला होता का? पट्टीखाली ०.१० मिमीचं पान सहज जात असेल तर हेड लेथवर फेस करून घ्यावं लागतं. बोल्टांची भोकं साफ केली होती का? भोकात पाणी-ऑइल राहिलं तर बोल्ट कसल्यासारखा वाटतो, पण हेड दाबलं जात नाही. टॉर्क पाना (किती जोराने कसलं ते दाखवणारा) वापरला का, आणि मधून सुरू करून बाहेर, तीन टप्प्यांत कसलं का? आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेतलाच घ्या, अंदाजाने नाही. इंजिन तापवून थंड झाल्यावर पुन्हा टॉर्क आणि त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावून घ्यायची. हे न केलेलं नवीन गॅस्केट जुन्यापेक्षा लवकर जातं. हेडला तडा बहुतेक दोन व्हॉल्व्हच्या मधल्या चिंचोळ्या जागेत असते, ती डोळ्यांना दिसत नाही. हेड दाबाखाली पाण्यात तपासणारा लेथवाला शोधा.

लायनरचा प्रश्न इंजिनावर अवलंबून आहे. पर्किन्सच्या घराण्यातलं सिम्प्सन इंजिन असलेल्या जुन्या मॅसी फर्ग्युसनमध्ये लायनर कोरडे, म्हणजे त्यांना पाणी लागत नाही. एचएमटी-झेटरसारख्यांत लायनर ओले, बाहेरून थेट पाणी आणि खाली रबरी रिंगांवर बंदोबस्त. (जुना हवेवर थंड होणारा आयशर असता तर हे काहीच लिहावं लागलं नसतं.) ओल्या लायनरच्या रिंगा कडक झाल्या की पाणी सरळ चेंबरमध्ये उतरतं. शिवाय साधं पाणी वर्षानुवर्षं वापरलं तर लायनरच्या थरथरीने त्याच्या अंगालगत बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लोखंडात खड्डे पडत जातात, शेवटी आरपार. नवीन लायनर बसवताना बसायची जागा पॉलिश कागदाने साफ हवी, रिंग पीळ न पडता बसायला हवी, आणि लायनरची कॉलर ब्लॉकच्या वर पुस्तिकेत दिल्याइतकीच उठायला हवी. सगळ्यांची उंची सारखी. पिस्टन घालण्याआधी ब्लॉकमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवायला सांगा, खाली कोरडा कागद अंथरून. सकाळी कागद कोरडा असेल तरच पुढचं काम. या एका रात्रीसाठी मिस्त्री कुरकुर करेल, करू द्या.

पाण्याबद्दल शेवटी लिहितोय, पण बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच झालेली असते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने हेडच्या आत थर बसतो, उष्णता अडते, इंजिन तापतं, गॅस्केट जातं. लोक गॅस्केट बदलतात आणि पुन्हा तेच पाणी भरतात. धुण्यासाठी १० लिटर पाण्याला पाव किलो लिंबूसत्व, तासभर गरम चालवून सोडून द्या आणि साध्या पाण्याने तीन-चारदा खळखळून काढा. रेडिएटरचा कॉक उघडला की काम झालं असं नाही. ब्लॉकच्या अंगालाही एक कॉक किंवा बोल्ट असतो, तो उघडून तारेने टोचा, तिथे गाळ दगडासारखा झालेला असतो. आधीच सांगून ठेवतो, धुतल्यावर एखादी नवीन गळती निघू शकते. ती खाराने बुजलेली होती, धुण्याने झालेली नाही.

त्यानंतर कूलंट, म्हणजे साध्या पाण्याऐवजी रेडिएटरमध्ये भरायचं द्रावण. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही, कूलंट घ्यायचं ते गंज आणि लायनरचे खड्डे रोखण्यासाठी. घट्ट कूलंट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं, तयार मिश्रण असेल तर पाणी न घालता. साधारण दोन वर्षांनी किंवा डब्यावर लिहिलेल्या मुदतीला बदला. भरताना ट्रॅक्टरचं तोंड चढाकडे ठेवा, झाकण उघडं ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, म्हणजे अडकलेली हवा निघते आणि पातळी खाली जाते, मग वरून भरा. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. इंजिन थंड राहतं, डिझेल जास्त खातं आणि लायनर लवकर झिजतात.

काढलेलं जुनं कूलंट गोठ्याजवळ ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्रं किंवा वासरू चाटतं आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतं. टबात धरा, झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि कॅनवर लिहून ठेवा.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: रेडिएटर उतरवून हळद काढा आणि हौदात तपासून घ्या, इंजिन धुवा, पंपाचं छिद्र आणि खेळ बघा, नवीन झाकण, ओव्हरफ्लोला बाटली, मग बुडबुड्यांची तपासणी. सगळं मिळून दोन दिवसांचं काम आहे. तोवर रानात तापमानाचा काटा वर गेला तर रोटाव्हेटर उचला, पीटीओ बंद करा, इंजिन मंद चालू ठेवून पाच मिनिटं थांबा, मग बंद करा. झाकण तासभर उघडू नका, उघडताना गोणपाट टाका, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा त्यानेच जाते. काटा सामान्य दाखवत असला तरी वास आणि वाफेकडे लक्ष असू द्या. पातळी सेन्सरच्या खाली गेली की काटा खोटं बोलतो.

बुडबुडे आले की नाही आणि ब्लॉकच्या कॉकमधून काय निघालं, एवढं कळवा. लायनर ओले आहेत की कोरडे हे इंजिनाच्या नंबरवरून सांगता येईल, तो नंबरही पाठवा.